खिळा ठोकायचा नाही म्हणे!

"स्वतःचं घर झालं की लावू." आपल्या घरांत हे वाक्य इतक्या वेळा बोललं जातं की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. आधी सासू म्हणते, मग नवरा म्हणतो, आणि दहा-बारा वर्षांनी ती बाई स्वतःच म्हणायला लागते. माहेरून आणलेलं मण्यांचं तोरण पेटीत. आजीच्या हातची गोधडी पेटीत. १९८१ च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला गेलेल्या सासऱ्यांनी आणलेला बाहुबलींचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. का? तर घर किरायाचं आहे. मग पेटीला वाळवी लागते, आणि औषध मारायचं की नाही यावर आम्ही अहिंसावाले दोन दिवस वाद घालत बसतो. तोवर तोरणाचा दोरा गेलेला असतो.

मी या वाक्याच्या विरुद्ध लिहायला बसले आहे. किरायाचं घर हे घरच असतं. ते आपल्या हाताने, आपल्या आठवणींनी मांडणं याला चैन म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की ज्या खोल्यांत बाई बाळंत होते, पोरं शाळेत जायला लागतात, सासरे जातात, त्या खोल्या 'तात्पुरत्या' कशा?

आमच्या आदिलाबादेचंच बघा. जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात. कापसाचं गाव. कुणी जिनिंगमध्ये मुनीम, कुणी अडत्याकडे दिवाणजी, कुणी बँकेत, कुणी शाळेत. ११ ऑक्टोबर २०१६ ला आमच्या एका जिल्ह्याचे चार झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद. कचेऱ्या वाटल्या गेल्या, त्यांच्यामागे माणसंही. डिसेंबर २०२१ च्या शासन निर्णय क्रमांक ३१७ ने शिक्षक आणि कर्मचारी पुन्हा नव्या जिल्ह्यांत विभागले गेले, आणि कितीतरी घरांत नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे असं झालं. दोघांच्याही खोल्या किरायाच्या. ही आपल्या एकट्या गावाची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागातली शंभरातली सत्तावीस-अठ्ठावीस कुटुंबं किरायाच्या घरांत होती. एवढ्या बायांनी आपापली पेटी बंद ठेवून वाट बघायची?

करार अकरा महिन्यांचा असतो म्हणून आपल्याला वाटतं, आपण इथे अकरा महिन्यांपुरत्याच. तसं काही नसतं. वर्षाहून जास्त मुदतीचा करार १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. तो खर्च आणि खटाटोप टाळायला मालक लोकांनी काढलेली ही युक्ती आहे. अकरा-अकरा महिने करत त्याच घरात अठरा वर्षं काढलेल्या बाया मला माहीत आहेत. त्यांच्या भिंती अठरा वर्षं कोऱ्या. बँकेचं कॅलेंडर तेवढं लटकतं, तेही आधीच्या किरायेदाराने ठोकून ठेवलेल्या खिळ्यावर.

आता समाजातल्या थोरांचं म्हणणं घेऊ. तुम्ही भिंत सजवायचं नाव काढलं की कुणीतरी शांतपणे म्हणतं, "अपरिग्रह आपला धर्म आहे, ताई. कशाला एवढा मोह?" हे म्हणणारा बहुतेक वेळा तीन घरांचा मालक असतो. म्हणून थोडं शास्त्रच बघू. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या एका शब्दात केली आहे: मूर्च्छा. म्हणजे वस्तूवरची गुंतवणूक, तिच्या मागे शुद्ध हरपणं. परिग्रह वस्तूंच्या मोजणीत नाही, मनाच्या पकडीत आहे. आणि श्रावकाने ज्या गोष्टींना मर्यादा घालायची त्यांची यादी कुठून सुरू होते? शेत आणि घर, तिथून. सोनं-चांदीसुद्धा त्यानंतर. मालकीचं घर यादीत पहिल्या ओळीत आहे. मण्यांच्या तोरणाचा तिथे वेगळा उल्लेख मला सापडलेला नाही. ज्याला घरमालकीची मूर्च्छा आहे त्याने किरायेदारणीला अपरिग्रह शिकवावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

उलट मी म्हणेन, किरायाचं घर सजवणारी बाई अपरिग्रहाच्या जास्त जवळ असते. तिला माहीत असतं, ही भिंत आपली नाही. उद्या उतरवायचं, गुंडाळायचं, निघायचं. तरी आज ती लावते. 'माझं झालं तरच मी त्यावर प्रेम करीन' असं म्हणणारी माणसं आणि ती, यांत मूर्च्छा कुणाची मोठी?

आणखी एक विचारते. गावात मुनीसंघ येतो. आहाराचा योग आपल्या घरी यावा म्हणून आपण चौका लावतो, दाराशी रांगोळीने चौक पुरतो, कलश घेऊन पडगाहनाला उभ्या राहतो. तेव्हा कुणी विचारतं का, "हे घर किरायाचं, इथे कशाला चौक पुरला?" त्या दिवशी मालकसुद्धा हात जोडून म्हणतो, आमचं घर पावन झालं. महाराजांसाठी जे घर पुरेसं घर आहे, ते तिथे रोज राबणाऱ्या बाईसाठी अर्धं कसं?

आता मालक लोकांशी बोलते. यातले बरेच आपलेच आहेत, म्हणून स्पष्ट बोलते. आपल्याच लोकांत किराया लावताना किती चौकशा! कांदा-लसूण खाता का, पाहुणे किती येतात, सुनेची नोकरी कुठे. सगळी उत्तरं पसंत पडली की शेवटची अट: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी राहिले त्यांतल्या एका घरी तर मालकीणबाई दर महिन्याला किराया घ्यायला यायच्या आणि चहा पिता पिता भिंतीवरून हात फिरवून जायच्या. घर सोडताना अनामतीतून रंगाचे पैसे कापले ते वेगळेच, आणि तो रंग आम्ही राहायला जायच्या आधीचाच होता.

कायदा काय म्हणतो ते बायकांनी माहीत करून घ्यावं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, जागा घेतली तशी परत द्यायची. पण रोजच्या वापराने होणारी वाजवी झीज त्यातून वगळलेली आहे. पक्कं बांधकाम मालकाला विचारल्याशिवाय करायचं नाही, हे खरं. मात्र आपण बसवलेल्या वस्तू काढून नेता येतात, जागा पहिल्यासारखी करून दिली म्हणजे झालं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या किरायापुरती ठेवली आहे, आणि वेगळं ठरलं नसेल तर भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण न्याय काय हे त्यातून कळतं. चार खिळ्यांची भोकं बुजवायला मूठभर पुट्टी लागते. तेवढ्यासाठी एका बाईला अठरा वर्षं कोऱ्या भिंतीकडे बघायला लावणं हा हिशेब कोणत्या व्यापाऱ्याला पटेल?

आणि शास्त्रच हवं असेल तर तेही आहे. अचौर्यव्रताच्या भावनांमध्ये मुनींना सांगितलं आहे की रिकाम्या किंवा दुसऱ्याने सोडलेल्या जागेत राहावं, आणि आपण आहोत तिथे दुसऱ्याला अटकाव करू नये. हे मुनींसाठी आहे, मला माहीत आहे. पण ज्यांचे गुरू जन्मभर दुसऱ्याच्या जागेत राहतात, त्या समाजाला किरायेदार माणूस हलका वाटावा याचं मला नवल वाटतं.

आता आपल्या बायांनाही दोन शब्द. सजावट म्हणजे बाजार उचलून आणणं असं मी म्हणत नाही. मोबाईलवर बघून मागवलेली प्लास्टिकची वेल, कुणाच्याही घरी चिकटेल असा फुलांचा स्टिकर, इंग्रजीत 'घर' लिहिलेली पाटी, याने भिंत भरते, घर होत नाही. ते सगळं विकत मिळतं, आणि खरोखरच परिग्रह वाढवतं. मी सांगते ते बहुतेक आपल्याकडे आधीच आहे, पेटीत. आईच्या अक्षरातली पापडाच्या प्रमाणाची चिठ्ठी काचेत बसवा. सासूबाईंची पितळी समई पोत्यातून काढून उजळा. गोधडी दिवाणावर घाला, फाटेल तर फाटू द्या. पेटीत तरी ती कुठे टिकते आहे? जांभळाच्या झाडाचं षड्लेश्येचं चित्र घरात असेल तर मुलांच्या डोळ्यांसमोर लावा. एकजण झाड मुळापासून तोडायला निघाला आहे, शेवटचा खाली पडलेली जांभळं वेचून खातो आहे, हे पोरांना प्रवचनापेक्षा त्या चित्रातून आधी कळतं.

विकत घ्यायचंच असेल तर आपल्या मातीतलं घ्या. निर्मलची खेळणी पोनिकीच्या हलक्या लाकडाची. भाग जोडायला लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ. फळीवर ठेवली की झालं, खिळ्याचा प्रश्नच नाही. उशेगाव, केसलागुडा भागातले ओझा कारागीर मेणाचा साचा करून, त्यावर माती लिंपून पितळ ओततात. त्यांचा एखादा दिवा कोनाड्यात असू द्या. ज्या जिल्ह्याचं पाणी पितो त्याची खूण घरात असायला हवी. मालक फारच हट्टी असेल तर खिडकीच्या गजाला दोरी बांधा, दाराच्या चौकटीवर तोरण अडकवा, ट्रंकेवर चादर घालून तिचाच ओटा करा. शेजारची तेलुगू बाई पहाटे तिच्या दाराशी मुग्गु घालते, तीही किरायाच्याच घरात राहते. तिला कुणी थांबवलं का? तिच्याशेजारी आपली रांगोळी घाला.

यात माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट पोरांची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला, आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात. आमची आजी एकाच दारात उभी राहिली आणि तिचं राज्य दोनदा बदललं. आज आमची मुलं शाळेत इंग्रजी आणि तेलुगू वाचतात. तेलुगू त्यांनी चांगलं शिकावं, ती या जागेची भाषा आहे. पण मराठी अक्षरं त्यांना दिसणार कुठे? दुकानाच्या पाटीवर नाहीत, बसवर नाहीत. मराठी कॅलेंडर, आजोबांच्या हातची चोवीस तीर्थंकरांची नावं, आजीच्या फोटोखाली लिहिलेलं तिचं गाव, एवढंच उरतं. हे भिंतीवर नसलं तर ते पोरांच्या डोळ्यांत कधी उतरणारच नाही. मग वीस वर्षांनी 'स्वतःचं घर' होईल, संगमरवर लागेल, आणि काय लावायचं ते कुणालाच आठवणार नाही. पेटी उघडली तर मुलगा विचारेल, "आई, हे कुणाचं?"

तेव्हा या दिवाळीला, महावीर-निर्वाणाचा लाडू चढवून घरी आलात की, माळ्यावरची पेटी खाली काढा. नवऱ्याला सांगा, हातोडी आण. तो म्हणेल, मालकाला विचारलं का? विचारा, अवश्य विचारा, चोरून काही करायचं नाही. पण "ठोकू का?" असं चाचरत विचारू नका. "चार खिळे ठोकणार आहोत, घर सोडताना भोकं बुजवून देऊ," असं सांगा, आणि पुढच्या करारात ते लिहून घ्या. आणि ज्या बहिणींच्या घरी किरायेदार आहेत, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर आपल्या नवऱ्याकडून ते वाक्य करारात घालून घ्यावं. एका ओळीचं काम आहे.