काढलेलं पान

संपादक मित्रा, तू कविता मागितलीस. कविता नाही. माझ्याकडे एक पान आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधातून काढून टाकलेलं. टाइप केलेलं, डाव्या बाजूला बांधणीसाठी दीड इंच कोरी जागा सोडलेली. ते छाप. त्याआधी थोडं बोलतो.

1998 साली मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. पुरी केली. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, हां, तिथला तो मास्तर तसाच होता. मास्तर तसा नव्हता. चांगला माणूस होता. माझी फी थकली तेव्हा ऑफिसात जाऊन बोलला होता. चांगल्या माणसानं काय केलं तेच मला सांगायचंय.

विषय होता दाभोळच्या खाडीतल्या तिसऱ्या. विषय मी निवडला म्हणणं खोटं आहे. इतर पोरं मोठमोठे विषय घेत होती, केमिकल मागवत होती, मुंबईला लायब्ररीत जाऊन राहत होती. माझ्याकडे पैसे नव्हते. तिसऱ्या फुकट होत्या. आणि त्या काढणारी आई फुकट होती.

चिखलात ती का गेली, तेही सांगतो. जमीन खोताची. बाबासाहेबांनी 1937 साली खोती मोडायचं बिल आणलं, 1949 ला कायदा झाला. आमच्या घराच्या वाट्याला त्यातून गुंठाही आला नाही. बाप मुंबईला गिरणीत. 1982 च्या संपात गिरणी गेली, बाप परत आला तो खोकला घेऊन. खाडीचा चिखल तेवढा कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हता. ओहोटी लागली की आई टोपली घेऊन उतरायची. गुडघाभर रपरप चालायची आणि पायाच्या तळव्यानं तिसरी ओळखायची. डोळ्यांनी नाही. तळव्यानं.

वर्षभर दर महिन्याला मी तिच्या मागं उतरलो. पाणी बाटलीत भरायचं, खारेपणा काढायचा. सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी. मांस बुइनच्या द्रावणात टाकायचं, त्यातल्या पिक्रिक आम्लानं बोटं पिवळी. मग मेणात बसवायचं, मायक्रोटोमवर पापुद्रे काढायचे, रंगवायचे, काचेवर घ्यायचे. खाडीपलीकडे अंजनवेल-वेलदूरला एन्रॉनचा प्रकल्प उभा राहत होता. रात्री तिकडे दिवाळी आणि आमच्या वाडीत वीज गेलेली. मी कंदिलाखाली शिंपल्यांची लांबी मोजत बसायचो. एकशेवीस, एकशेएकवीस. बाप म्हणायचा, ‘‘मुंबैचा म्हातारा मुकादम गाठी मोजायचा तसा मोजतोस की रं.’’

बारा महिन्यांनी आलेख तयार झाला. मांसाचं वजन उन्हाळ्यात चढतं, पावसाळ्याच्या तोंडाला माथ्यावर येतं, पहिल्या मोठ्या पावसानंतर धाडकन खाली. मी आईला आलेख दाखवला. ती म्हणाली, ‘‘मिरगाआधी भरल्या, मिरगानंतर पोकळ. ह्यात नवा काय? माज्या सासूनं सांगितलंन होता.’’

एका वाक्यात. मला बारा महिने आणि तीन डझन काचा लागल्या. बारा महिने वाया गेले असं मी म्हणत नाही. काचेवर दिसलं की पोकळ का होतात: अंडी सुटतात, वरून गोडं पाणी येतं, खारेपणा पडतो, तिसरी तोंड मिटून बसते. ते आईला माहीत नव्हतं. तिला जे माहीत होतं ते मला नव्हतं. दोघांचं मिळून एक ज्ञान झालं. पण प्रबंधावर एकाच माणसाचं नाव येतं.

आता दुसरी गोष्ट. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला माझा हात स्वच्छ चालायचा. नस न तोडता सगळं उघडं करायचो. एक दिवस एक सर पाठीमागून म्हणाले, ‘‘वा, हात बसलेला आहे. घरची सवय दिसते.’’ सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही, माझं मी.

बघा मित्रांनो, गंमत कशी आहे. माझा आजा गावातलं मेलेलं ढोर ओढायचा. कातडं कुठून सुरू करायचं, आतडं कुठं वळतं, रोगानं मेलेल्या जनावराचं काळीज कसं दिसतं, हे त्याला ठाऊक होतं. ते झालं विटाळ. तेच पांढऱ्या कोटात, मेणाच्या ताटलीत, टाचण्या टोचून केलं की शास्त्र. सुरी तीच. आत निघतं तेही तेच. बदलतं ते एकच, सुरी धरणारा. आज्यानं मेलेली ढोरं टाकली ती बाबासाहेबांच्या शब्दावर, आणि बरं केलंन. ते काम त्यानं ज्ञान म्हणून धरलेलं नव्हतं, ते त्याच्या मानेवर बसवलेलं होतं. पण ज्यांनी त्याला विटाळ म्हटलं त्यांचीच पोरं आज शरीररचनेचे तज्ज्ञ. आणि आरक्षणातला पोरगा सुरी नीट धरतो तर म्हणे घरची सवय. नीट धरली नसती तर म्हणाले असते, कोट्यातला. दोन्हीकडून मीच.

तिसरी गोष्ट नावाची. मी ज्या तिसरीवर काम केलं तिचं शास्त्रीय नाव मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स. पुढे कंसात लिनियस, 1758. या लिनियसनं दाभोळ पाहिलेलं नव्हतं. हिंदुस्थानात त्याचं पाऊल पडलेलं नाही. त्याच्याकडे शिंपला पोचला, त्यानं नाव दिलं, आणि आता जगात कुणी हिच्यावर लिहील त्याला याचं नाव लिहावं लागेल. ठीक आहे, नियम आहे, मी पाळला. पण नावाचा अर्थ? लॅटिनमध्ये मेरेट्रिक्स म्हणजे वेश्या. चिखलात पडलेल्या मुक्या जिवाला एका सुशिक्षित माणसानं शिवी दिली आणि ते झालं शास्त्र. माझ्या आईचा ‘तिसरी’ हा शब्द झाला ‘स्थानिक नाव’, तिरप्या अक्षरातसुद्धा नाही. हिची एक बहीण आहे, भारताच्या खाड्यांत सापडते, तिचं नाव मेरेट्रिक्स कास्टा. लॅटिनमध्ये कास्टा म्हणजे शुद्ध. आणि पोर्तुगीजांच्या भाषेत कास्टा म्हणजे वंश, जात; इंग्रजीतला कास्ट तिथूनच आला. शुद्ध वेश्या! खाडीच्या तळालासुद्धा जात गाठतेच.

तर आता पान.

‘पद्धती’ या प्रकरणात मी लिहिलं की नमुन्याच्या जागा कुणी दाखवल्या, पूर्वीची माहिती कुणाकडून मिळाली. लिहिलं, माहिती देणारी : माझी आई. गाइडनं ते पान बाजूला काढलं. म्हणाले, ‘‘आई हा संदर्भ होत नाही. भावना ऋणनिर्देशात घाल. तिथं वडील, देव, कुणालाही घाल.’’ मी म्हटलं, ‘‘सर, ही भावना नाही. हा डेटा आहे.’’ ते हसले. ‘‘विज्ञानात व्यक्ती येत नाही रे.’’

व्यक्ती येत नाही! मग बुइन कोण? लिनियस कोण? टेबलावरची प्रत्येक बाटली, प्रत्येक रंग, प्रत्येक नियम कुणाच्या ना कुणाच्या नावाचा. विज्ञानात व्यक्ती भरपूर येतात. चिखलातून आलेली येत नाही.

हे मला तेव्हा सुचलं नाही. मी गप्प बसलो. मग ते प्रेमानं म्हणाले, ‘‘अरे, बाबासाहेबांनीसुद्धा लंडनचा प्रबंध परीक्षकांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिला होता.’’

खरं आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी परत केला, बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला, पाठवला, आणि 1923 साली डी.एस्सी. मिळाली. पण सरांनी 1936 सांगितलं नाही. लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं भाषणाला बोलावलं आणि छापायच्या आधी काही भाग गाळा म्हटलं. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामही बदलणार नाही. भाषण रद्द झालं. त्यांनी ते पदरच्या पैशानं छापलं. परीक्षकापुढं वाकलेला आंबेडकर त्यांना पाठ होता, न वाकलेला नव्हता. आणि खरं सांगू? मलाही त्या क्षणी तोच सोयीचा वाटला.

पुढं कधीतरी इरावती कर्व्यांचं वाचलं. इथल्याच मुरुडच्या महर्षी कर्व्यांची सून. शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचा गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्ववाला. गोऱ्यांच्या कवट्या वेगळ्या हे सिद्ध व्हायला हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, तसं काही दिसत नाही. गाइडच्या तोंडावर. मानलं. पण मग मनात आलं, परत आल्यावर त्याच बाई महाराष्ट्रात जातवार माणसं मोजत फिरल्या, 1951 साली त्यांचं पुस्तकही आलं. मोजणाऱ्याचं नाव कव्हरवर, मोजलेला तक्त्यात. आमचा इतिहास तक्त्यात राहायचा आहे. मी निदान मोजणाऱ्याच्या बाजूला आलो होतो, आणि आल्याबरोबर पहिलं काम केलं ते आईला तक्त्यातूनही काढायचं.

होय, मी काढलं. कुणी फाडलं नाही, कुणी धमकी दिली नाही. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता अडकला होता, तारीख चार दिवसांवर आली होती, टायपिंगवाल्याचे पैसे द्यायचे होते. मी बेचाळीसावं पान काढलं आणि पुढच्या पानांचे आकडे खोडून नवे घातले. सही मिळाली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘‘जागांची निवड कशी केली?’’ मी म्हटलं, ‘‘प्राथमिक पाहणी करून.’’ ते म्हणाले, ‘‘उत्तम.’’

आता तुम्ही म्हणाल, एका पानासाठी एवढं कशाला? मासिकात जागा थोडी, अत्याचार रोजचे. पान का महत्त्वाचं ते ऐका. आमच्या खाडीला वाशिष्ठीचं पाणी येतं आणि वर लोटे-परशुरामची रसायनांची वसाहत आहे. मासे मरून तरंगतात, मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रारी करतात. अशा वेळी साहेब लोक एकच विचारतात, ‘‘पूर्वी किती होतं? नोंद दाखवा.’’ नोंद होती. बत्तीस वर्षांची, एका बाईच्या टोपलीत मोजलेली. कागदावर आली होती. मी ती काढली, विज्ञान शुद्ध राहावं म्हणून.

आणि आपल्या लोकांनाही एक सांगणं आहे. आपण वेदना लिहिली, शिव्या लिहिल्या, भूक लिहिली. लिहायलाच हवी होती. पण माझी आई सभेत कुणाच्या कवितेत येते तेव्हा ती फक्त भुकेली असते. रडते, शेण वेचते, मार खाते. तिला काय कळतं हे कुणी लिहीत नाही. त्यांनी तिला संदर्भ मानलं नाही, आपण तिला फक्त दुःख मानलं.

पान मूळ इंग्रजीत होतं. मराठी त्याच वेळी केलं होतं, आईला वाचून दाखवायला. ऐकून म्हणाली, ‘‘एक चूक हाय.’’ ती दुरुस्त करून देतो.

पान 42

नमुने गोळा करण्याच्या तीन जागा लेखकाने निवडलेल्या नाहीत. त्या माहिती देणाऱ्या व्यक्तीने दाखवल्या. माहिती देणारी : लेखकाची आई, वय अंदाजे पन्नास, शिक्षण नाही. ती या पट्ट्यांवर 1966 पासून तिसऱ्या काढते.

तिच्या सांगण्यानुसार पहिल्या जागेवर लग्नानंतरच्या वर्षांत एका ओहोटीला दोन टोपल्या निघत. गिरणीच्या संपाच्या सुमारास एक टोपली. सध्या अर्धी, आणि तीही लहान आकाराची. तिसऱ्या जागेवर पूर्वी कालवं होती, आता नाहीत. अलीकडच्या काही वर्षांत पायांना खाज सुटते, ती पूर्वी नव्हती. मेलेल्या तिसऱ्यांचा वास आधी येतो, तोंड नंतर उघडतं. म्हणून नमुने बादलीत टाकण्यापूर्वी हुंगून पाहावेत. ही पद्धत या अभ्यासात वापरली आहे.

भांगाच्या दिवसांत तिसऱ्या खोल जातात असे लेखकाने प्रथम लिहिले होते. ते चूक आहे. त्या दिवसांत पाणी पुरेसे ओसरत नाही, त्यामुळे पाय तिथपर्यंत पोचत नाही. तिसऱ्या जागच्या जागीच असतात. ही दुरुस्ती आईने केली.