सिस्टरचा रोजा आणि पाळ्यांचा तक्ता

कागल पंचतारांकित एमआयडीसीत दुसऱ्या पाळीत इफ्तार येतो आणि तिसऱ्या पाळीत सहरी. भट्टीपुढे उभा राहून कामगार रोजा कसा पाळतो, याचे कौतुक दर रमजानमध्ये होते आणि ते रास्तच आहे. पण हातावर तप्त लोखंडाची ठिणगी उडाली की तो ज्या खोलीकडे धावतो, तिथल्या सिस्टरची किंवा ब्रदरची आठवण क्वचितच निघते. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात अशी अॅम्ब्युलन्स रूम असावी, हे १९४८च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते.

त्या खोलीत अनेकदा एकच माणूस असतो. डोळ्यात गेलेला कण, मशीनमध्ये चेंगरलेले बोट, उष्म्याने आलेली चक्कर. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरकरांच्या थोरल्या दवाखान्यात, पाठवायचे का हेही तिथेच ठरायचे. घरच्यांचा फोनवरचा आक्रोशही तिनेच ऐकायचा. अजान झाली तरी पट्टी बांधून होईपर्यंत खजूर डब्यातच राहतो.

मग निभते कसे? अदलाबदलीवर. रमजानमध्ये हिची दुसरी पाळी हिंदू मैत्रीण घेते. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या मैत्रिणीची पाळी ही घेते. गैबी पिराचा उरूस सगळे मिळून करणाऱ्या कागलात याचे कुणाला नवल नाही. अडचण पुढे आहे. ही माया त्या दोघींची, पण तिचा हिशेब मनुष्यबळात धरला जातो. काम अडत नाही, म्हणून तिसरी सिस्टर नेमली जात नाही. एक आजारी पडली की दुसरीला सलग दोन पाळ्या. वर ताणमुक्तीचे व्याख्यान, तेही पाळी सुटल्यावर!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ‘बर्नआउट’चे वर्णन करताना त्याला आजार म्हटले नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटले. म्हणजे औषध तक्त्यात शोधायचे, सिस्टरच्या स्वभावात नव्हे.

मुस्लिम घरांतही एक सबब तयार असते, ‘सब्र कर.’ पण कुरआनने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा नंतर पुरा करण्याची मुभा दिली आहे. माणसाची ताकद आधी पाहिली, मग मागणे आले. इ.स. ६२७मध्ये खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना रुफैदा यांच्या तंबूत ठेवले होते, असे सीरतच्या ग्रंथांत येते. तो तंबू मशिदीतच होता. शुश्रूषा करणाऱ्या बाईला तिथे नुसती शाबासकी नव्हे, जागा मिळाली होती.

कारखान्यांत इफ्तारच्या पंगती जरूर व्हाव्यात. त्याआधी चंद्रदर्शनापूर्वी पाळ्यांचा तक्ता लागावा, इफ्तारच्या अर्ध्या तासाला बदली माणूस असावा आणि प्रत्येक खात्यात प्रथमोपचार शिकलेले दोन कामगार तयार असावेत. नवरात्रातही तोच तक्ता चालेल.