मान घ्या, मानधन नंतर

मार्च २०२५ मध्ये शिल्पकार राम सुतार यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, या बायांना कशाचं म्हणून कौतुक नाही. धुळ्याजवळचं गोंदूर हे त्यांचं जन्मगाव. कारागिराच्या घरातला मुलगा, वयाची शंभरी गाठली, हातातली छिन्नी सोडली नाही. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. दोन्हीकडे फोन करून मी ही बातमी सांगितली.

त्याच आठवड्यात आमच्या गटाची बैठक होती. चहा होईपर्यंत गप्पा चालल्या होत्या. आमच्यातली एक मुलगी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातली पुरस्कारांची यादी ती पाठ करत होती. मधेच थांबून म्हणाली, "मावशी, यात बाया किती आहेत हो?" आम्हा वीस-पंचवीस वर्षं चळवळीत असलेल्या बायांपैकी एकीलाही पटकन सांगता येईना. मग कागद घेतला आणि मोजायला बसलो.

मोजायला वेळ लागलाच नाही. १९९६ साली पहिला पुरस्कार पु. ल. देशपांडे यांना मिळाला. तिथपासून २०२४ सालच्या पुरस्कारापर्यंत विशीच्या आसपास नावं. त्यांत बाया चार. १९९७ साली लता मंगेशकर, २००३ साली डॉ. राणी बंग, २००९ साली सुलोचनादीदी आणि २०२१ सालच्या पुरस्काराच्या आशा भोसले. संपली यादी!

आता या चौघींकडे जरा नीट बघू या. दोघी गायिका. तिसरी पडद्यावरची आई. चौथीला पुरस्कार मिळाला तो नवऱ्यासोबत, दोघांत मिळून एक. शास्त्रज्ञ आहेत, उद्योगपती आहेत, क्रिकेटपटू आहेत, कवी आहेत, निरूपणकार तर बाप-लेक दोघेही आहेत. पण सिनेमा आणि गाणं सोडून दुसऱ्या कोणत्याही कामासाठी एकट्या बाईला हा सन्मान मिळालेला नाही. शासनाला बाई पडद्यावर दिसते, नाहीतर पडद्यामागून ऐकू येते. ती समोर उभी राहून काम करत असली की मात्र दिसेनाशी होते.

लताबाई-आशाबाईंचं मोठेपण मी काढून घेत नाही. १९४२ साली वडील गेले आणि तेरा वर्षांच्या मुलीवर घर चालवायची पाळी आली. पोरवयात कमावत्या झालेल्या या मुली. त्यांच्या गौरवाच्या भाषणांत 'स्वर', 'सरस्वती', 'दैवी देणगी' हे सगळं असतं. त्या घर चालवणाऱ्या कामकरी बाया होत्या हे जरा कमीच असतं. आणि आणखी एक. आपल्या किती जणींना ठाऊक आहे की या दोघी खानदेशच्या नाती आहेत? त्यांची आई थाळनेरच्या लाडांची लेक. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर. म्हणजे सुतारांच्या आधी हा पुरस्कार दोनदा आपल्याकडे येऊन गेलेला आहे. पण तो आजोळी आला, आणि आजोळ ही आईची बाजू. नावात गाव येतं ते वडिलांचं. गोव्यातलं मंगेशी साऱ्या जगाला माहीत झालं, थाळनेर राहिलं तापीच्या काठावर.

राणीताईंचं तर सांगायलाच हवं. गडचिरोलीत वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी बायांना असं काही विचारलं, जे तोवर फारसं कोणी विचारलं नव्हतं. बाळंतपण सोडून तुला काय काय दुखतं? अंगावरून पाणी जातं का? पाळीचा त्रास आहे का? १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. तपासलेल्या बायांपैकी ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्यातल्या फार थोड्या कधी उपचाराला गेल्या होत्या. त्या निबंधावर पहिलं नाव राणीताईंचं आहे. तोवर सरकारी दवाखान्याला बाईचं गर्भाशय दिसायचं ते कुटुंबनियोजनापुरतं. हा सगळा विचार पालटायला लावणारं हे काम. पण आमच्याकडे भाषणात 'डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी' असाच उल्लेख मी स्वतःच्या कानांनी किती वेळा ऐकलाय! अभयभाऊंचं काम थोर आहे, वाद तो नाही. आणि दोघांना मिळून पुरस्कार द्यायची रीत शासनाला मान्य असेल, तर लगेच पुढच्या वर्षी, २००४ साली, बाबा आमट्यांना तो एकट्यांना कसा काय मिळाला? आनंदवन उभं करताना साधनाताई कुठे होत्या? चूल पेटवत होत्या, रुग्णांची सेवा करत होत्या, कुठे लांब नव्हत्या. म्हणजे बाईला बरोबर घ्यायचं की वगळायचं, याचाही काही नियम नाही. मर्जी!

आता बाबांचं नाव निघालंच आहे तर जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते सांगते.

१९९१ साली स्वीडनमधला राईट लाइव्हलीहुड पुरस्कार नर्मदा बचाव आंदोलनाला मिळाला. लोक त्याला पर्यायी नोबेल म्हणतात. त्यावर दोन नावं होती, मेधा पाटकर आणि बाबा आमटे. एकाच लढ्यासाठी, एकाच वेळी. त्या दोघांतले बाबा महाराष्ट्राचे भूषण झाले. मेधाताई अजून नाहीत. त्यांच्या वाट्याला आल्या अटका, उपोषणं आणि 'विकासविरोधी' ही शिवी. कोणी म्हणेल, बाबांना तो आनंदवनासाठी मिळाला. मान्य. पण मग बायांनी उभी केलेली आनंदवनं काय कमी आहेत महाराष्ट्रात? आणि गोदावरी परुळेकर? वारल्यांची वेठबिगारी मोडायला निघालेली ही बाई १९९६ च्या ऑक्टोबरात गेली, पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी. मृणाल गोरे २०१२ पर्यंत होत्या, पुष्पाबाई भावे आणि विद्या बाळ २०२० पर्यंत, गेल ऑम्व्हेट २०२१ पर्यंत. किशोरीताई आमोणकर तर गायिकाच होत्या, त्यांनाही नाही. समितीवर मुख्यमंत्री अध्यक्ष असतात. सरकारं आली, गेली, युती झाली, आघाडी झाली, महायुती झाली. या बाबतीत सगळ्यांचं एकमत!

नर्मदेचा हा प्रश्न आमचा कसा, तेही सांगते, कारण नव्या मैत्रिणींना ते माहीत नसतं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं येतात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. आज तो नंदुरबार जिल्हा. पण १ जुलै १९९८ पर्यंत ते सारं धुळे जिल्ह्यातच होतं. मणिबेली हे धरणाला लागून असलेलं पहिलं गाव. १९९३ च्या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा तिथल्या भिल्ल बाया घरातून हलायला तयार नव्हत्या. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. अशा बायांची नावं कागदावर खातेदार म्हणून नसतात. जमीन नवऱ्याच्या, दिराच्या, सासऱ्याच्या नावावर. म्हणजे विस्थापित व्हायलाही बाईला आधी पुरुष लागतो. जंगलातला डिंक, मोह, कंद, औषधी पाला, हे तिचं खरं उत्पन्न. भरपाईच्या तक्त्यात त्याला रकाना कुठे असतो?

आणि आता बघा. त्याच धरणासमोर सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ च्या ऑक्टोबरात उभा राहिला. तो घडवणारे हात गोंदूरचे, धुळे जिल्ह्याचे. कारागिराला मी दोष देत नाही. त्याने काम घेतलं आणि जगाने बघत राहावं असं करून दाखवलं. पण धरणाच्या एका बाजूला धुळे जिल्ह्याच्या माणसाने उभा केलेला पुतळा, दुसऱ्या बाजूला धुळे जिल्ह्याच्या बायांची बुडालेली घरं. एकाची नोंद शासनाने घेतली, दुसरीची नाही. पुतळ्याची उंची मीटरमध्ये मोजता येते. छातीइतक्या पाण्यात बाई किती तास उभी राहिली हे कोण मोजणार?

काहींचा तर गौरव नाव घेऊन करताच येत नाही. १९९४ सालचं जळगावचं वासनाकांड आठवा. फोटोंच्या धाकाखाली मुलींना लुटणारी प्रतिष्ठितांची टोळी. साऱ्या जिल्ह्याने दारं लावून घेतली होती, जळगावच्या मुलींची लग्नं मोडत होती. मीरा बोरवणकर तपासाला आल्या आणि त्या भीतीतही काही मुली बोलल्या. खटले उभे राहिले, बरेचसे आरोपी सुटलेही. त्या मुली आज पन्नाशीत असतील. त्यांच्या धैर्याला कुठली शाल पुरणार? पण निदान आपल्या बोलण्यात 'कर्तबगार' या शब्दाचा अर्थ ठरवताना त्या मनात असाव्यात.

शासन म्हणेल, बायांसाठी आमचे वेगळे पुरस्कार आहेत की! आहेत. अहिल्यादेवींच्या नावाचे आहेत. २०२३ साली तर ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीला, प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार बायांचा सन्मान करायचं ठरलं. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि रोख ५०० रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्र भूषणची रक्कम होती २५ लाख. आकडे नुसते शेजारी ठेवा.

मी तेव्हा तापीकाठच्या एका गावात अशा कार्यक्रमाला गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. सत्काराच्या दोन बायांपैकी एक पुढाऱ्याच्या घरातली, ती खुर्चीवर बसलेली. दुसरी अंगणवाडी सेविका. तिनेच सकाळी शाळेतून सतरंज्या आणल्या होत्या, रांगोळी घातली होती, पाहुण्यांना पाणी दिलं होतं. नाव पुकारलं तेव्हा ती हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवून स्टेजवर गेली, शाल घेतली, उतरली आणि पुन्हा तांब्या उचलला. नंतर मागच्या बाजूला मला म्हणाली, "ताई, माले नारळ नको. मन्हा थकेल पगार दी टाका."

पगार ती म्हणते. शासन त्याला पगार म्हणत नाही, 'मानधन' म्हणतं. किती हुशारीचा शब्द आहे! धन कमी पडलं की मान पुढे करायचा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. इतकी वर्षं पोरांना खाऊ घालणारी, वजनं करणारी, गरोदर बायांच्या नोंदी ठेवणारी बाई नोकर नाही, 'मानसेवी' आहे. २०२२ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. म्हणजे हे काम आहे, हौस नाही, हे कोर्टाला कळलं. तरी २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनिसांना पन्नास दिवसांहून जास्त संप करावा लागला. तेव्हा त्यांना आल्या त्या नोटिसा. शाल-श्रीफळ मे महिन्यात, नोटिसा डिसेंबरात, वर्ष एकच!

याच २०२३ सालची १६ एप्रिलची दुपार विसरता येत नाही. खारघरला भर उन्हात महाराष्ट्र भूषणचा सोहळा झाला. स्टेजवर मांडव होता, लाखोंच्या समुदायावर नव्हता. उष्माघाताने माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त बाया. सन्मान दुसऱ्याचा, टाळ्या वाजवायला आणि ऊन सोसायला बाया. त्यांची नावं कोणाला सांगता येतील?

आमच्या गटात यावर भांडणही झालं. एक मैत्रीण म्हणाली, सरकारी पुरस्कार हवेतच कशाला? सरकारशी भांडायचं आणि सरकारचाच नारळ घ्यायचा? तिचं म्हणणं खोटं नाही. मेधाताईंना दिला तर त्या घेतीलच असंही नाही. पण मला वाटतं, नाकारायचा हक्क बजावायलासुद्धा आधी तो देऊ करावा लागतो. आणि पैसा कोणाच्या घरचा आहे? काड्यापेटी घेणाऱ्या बाईच्या करातला तो आहे. शिवाय आपल्या खानदेशाला एक जुनी खोड आहे, बाई गेल्यावर तिला मोठी करायची. असोद्याच्या बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांचं पुस्तक १९५२ साली निघालं. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागायला २०१८ साल उजाडलं. जिवंतपणी ती शेतात राबणारी एक विधवा होती, बस.

म्हणून आम्ही मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवायचं ठरवलं आहे. निवड समितीत बाया किती, नावं कोण सुचवतं, कोणत्या कारणाने कापली जातात, हे जाहीर करा, एवढंच विचारलं आहे. तुमच्या तुमच्या गावच्या गटांनीही लिहावं. सोबत एकेक नाव द्यावं, पण गाणारं किंवा पडद्यावरचं नको. ती त्यांची त्यांना सापडतात.

बैठक संपली तेव्हा ती परीक्षावाली मुलगी वही भरत होती. चारही नावं सालांसकट लिहून झाली होती. मान वर करून तिने विचारलं, "मावशी, मणिबेली नेमकं कोणत्या जिल्ह्यात म्हणालात?"

"आता नंदुरबार. १ जुलै १९९८ च्या आधी धुळे."

तिने मणिबेली लिहिलं आणि खोडलं. "ते नाही विचारत," ती म्हणाली. "पण जिल्हाविभाजनाची तारीख हमखास येते." आणि तारीख लिहून तिने वही मिटली.