परदेशांतील संसार आणि आरोग्याचा विमा

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका वाचक-भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. त्यांच्या चिरंजीवांस जर्मनींत म्यूनिक येथें इंजिनियरची नोकरी मिळाली असून वार्षिक पगार ८०,००० युरो ठरला आहे. सूनबाई सहा महिन्यांनीं मागाहून जावयाच्या आहेत. चिरंजीवांस लहानपणापासून दमा होता, परंतु अलीकडे तीन-चार वर्षांत धाप लागलेली नाहीं. तेथील मित्रमंडळी सांगतात कीं, खासगी कंपनीचा आरोग्यविमा स्वस्त पडतो, तोच घ्यावा, आणि अर्जांत दम्याचा उल्लेख करण्याचें कारण नाहीं. पत्राच्या शेवटीं त्या लिहितात, "हप्ता किती, याची आम्हांस फिकीर नाहीं. रात्री-अपरात्रीं त्याला कांहीं झालें, तर तेथें त्याला कोणी पाहील कीं नाहीं, एवढेंच कळावें." अशी काळजी आज पुष्कळ घरांत वाहिली जात असल्यामुळें या पत्राचें उत्तर येथेंच देणें आम्हांस उचित वाटतें.

जर्मनींत राहणाऱ्या प्रत्येकास आरोग्यविमा असलाच पाहिजे, असा तेथील कायदा आहे. त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला सार्वजनिक निधींचा. बिस्मार्क यांच्या कारकीर्दींत १८८३ सालीं झालेल्या कायद्यानें त्याचा पाया घातला गेला. २०२५ च्या नियमांप्रमाणें त्याची वर्गणी पगाराच्या शेंकडा १४.६, व शिवाय ज्या त्या निधीची थोडी जादा वर्गणी, अशी होती. ती ठराविक पगारापर्यंतच मोजतात, आणि तींतील निम्मी मालक भरतो. दुसरा मार्ग खासगी कंपन्यांचा. नोकरदारास तो खुला होण्यास पगार एका मर्यादेच्या वर असावा लागतो. २०२५ सालीं ही मर्यादा वर्षास ७३,८०० युरो होती. चिरंजीवांपुढें निवडीचा प्रश्न उभा राहिला तो यामुळेंच.

दोहोंतील भेद घरगुती दाखल्यानें सहज समजेल. सार्वजनिक निधि म्हणजे एकत्र कुटुंबाची पंगत होय. मिळवत्यानें मिळकतीच्या मानानें घालावें, आणि ज्याला जेवढी गरज तेवढें त्याच्या पानांत पडावें. मिळवती नसलेली पत्नी व लहान मुलें हीं २०२५ च्या नियमांनुसार त्याच वर्गणींत सामावत असत. आधींचा रोग आहे म्हणून कोणास पानावरून उठवीत नाहींत. खासगी विमा ही खाणावळ. तेथें प्रत्येक ताटाचा दर निराळा, आणि तो जेवणाऱ्याचें वय व प्रकृति पाहून ठरावयाचा. एकट्या, निरोगी तरुणास हा दर कमी पडतो, हें खरें. तेथें विशेषज्ञांची भेट बहुधा लौकर मिळते आणि रुग्णालयांत स्वतंत्र खोलीची सोय घेतां येते, हेंही खरें. परंतु सूनबाई आल्या कीं दुसरें ताट, मूल झालें कीं तिसरें; आणि दर कालांतरानें चढत जातो तो निराळाच. पंगतींतही सर्व कांहीं फुकट असतें असें नव्हे. रुग्णालयांत राहिल्यास प्रौढ माणसास दिवसास १० युरो, वर्षांत अधिकांत अधिक २८ दिवसांपर्यंत, पदरचे द्यावे लागतात.

खाणावळींतून पंगतींत परत येणें मात्र सोपें नाहीं. पगार मर्यादेखालीं आला तर नोकरदारास परतीची वाट मिळते. परंतु वयाची ५५ वर्षें उलटल्यावर तीही बहुधा बंद होते. तेव्हां आज वाचणाऱ्या पैशांचा हिशेब तिशींतल्या आंकड्यांवर न करितां साठीच्या आंकड्यांवर करावा. आणखी एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. पहिलीच नोकरी मर्यादेवरील पगाराची असेल, तर सार्वजनिक निधींत स्वेच्छेनें शिरण्यास नोकरी लागल्यापासून तीन महिन्यांचीच मुदत असते. नव्या गांवीं घर शोधण्याच्या गडबडींत ती सहज टळून जाते. नवागतांकरितां म्हणून विकले जाणारे मुदतीचे स्वस्त विमेही असतात. त्यांची मुदत अधिकांत अधिक पांच वर्षें असून त्यांत पूर्वीचे विकार बहुधा वगळलेले असतात. चार महिन्यांच्या मुक्कामास ते ठीक, संसारास नव्हेत.

आतां दम्याविषयीं. खासगी कंपनीच्या अर्जांत किती वर्षांमागची हकीकत विचारली आहे, तें नीट वाचावें. आणि जें विचारलें असेल त्याचें उत्तर खरें तेंच लिहावें. जाणूनबुजून लपविलेली गोष्ट दहा वर्षांपर्यंत उकरून काढून करार मोडण्याचा अधिकार तेथील कायद्यानें कंपनीस आहे. म्हणजे ज्या रात्रीकरितां इतके हप्ते भरले, त्याच रात्रीं विमा हातचा जावयाचा! मित्रांचा सल्ला कितीही प्रेमाचा असला, तरी तें बिल मित्र भरणार नाहींत. सार्वजनिक निधींत प्रवेश घेतांना हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेव्हां लग्न झालेल्या, मुलांबाळांची इच्छा असलेल्या आणि दम्याचा इतिहास असलेल्या या तरुणानें सार्वजनिक निधीच निवडावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या भगिनींनीं स्वतःविषयीं कांहींच विचारलेलें नाहीं. आया बहुधा विचारीत नाहींत. परंतु उद्यां सूनबाईंच्या बाळंतपणास त्या जातील, तेव्हां मुलाच्या कुटुंब-विम्यांत आईवडिलांचा समावेश होत नाहीं, हें त्यांनीं आधींच जाणावें. अशा भेटीच्या व्हिसाकरितां निदान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. त्यांत आकस्मिक आजार येतो; रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जुन्या दुखण्यांचा नेहमींचा उपचार बहुधा येत नाहीं. म्हणून औषधें व डॉक्टरांची चिठ्ठी येथूनच न्यावीं.

मूळ प्रश्नाचें उत्तर राहिलें. होय, रात्री-अपरात्रींही त्याला पाहणारें कोणी तेथें असतें. प्रसंग प्राणावरचा असेल तर ११२ या क्रमांकावर, आणि डॉक्टर हवा पण प्रसंग तितका निकराचा नसेल तर ११६११७ या क्रमांकावर टेलिफोन करावा. हे दोन्ही क्रमांक चिरंजीवांस एका कागदावर लिहून द्यावेत. आणि त्याच कागदाच्या पाठीवर दमा कधीं सुरू झाला, कोणतीं औषधें चाललीं, कशाचें वावडें आहे, हें सारें तारीखवार लिहावें. इतक्या लहानपणची हकीकत त्यांना स्वतःला आठवणार नाहीं. ती आईसच ठाऊक असते.