मिलॉर्डची तारीख

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा. रामदासपेठेतल्या आमच्या टू बीएचकेच्या बाल्कनीत मी नेलपॉलिश वाळवत बसलेली आणि आमची मिलॉर्ड तिचे पांढरे बँड धुऊन दोरीवर टाकून राहिली. शेजारच्या काकूंना ते पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "हे काय गं, बाळाचं लाळेरं का?" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव लाळेरंच.

मिलॉर्ड म्हणजे माझी रूममेट. (खरं नाव छापलं तर माझ्यावरच केस ठोकेल!) तसं बघितलं तर 'माय लॉर्ड' हे इंग्रजांच्या काळाचं शेपूट आहे, ते सोडा, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ सालीच सांगून टाकलंय. कोर्टात ते कितपत सुटलं ते कोर्टच जाणे. आमच्या फ्लॅटमध्ये काही सुटलेलं नाही.

तर तिचा मोबाइल टिंगटिंगायला लागला. वकील संघटनेचा ग्रुप. "वाच ना यार, माझे हात ओले आहेत," ती म्हणाली. मी आपली बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात सुरू झाले.

२६ नोव्हेंबर, संविधान दिन. उद्देशिकेचं सामूहिक वाचन, सगळ्यांनी गणवेशात यावं. ३ डिसेंबर, वकील दिन, म्हणजे डॉ. राजेंद्र प्रसादांचा वाढदिवस. ई-फायलिंगचं ट्रेनिंग. क्रिकेट टीमसाठी नावं द्या. एका ज्येष्ठ सदस्यांचं निधन, उद्या शोकसभा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, रस्ते बंद असतील, तेव्हा घरून लवकर निघा. शनिवारी ज्युनियर्ससाठी उलटतपासणीवर मार्गदर्शन, चहा-नाश्त्याची सोय आहे. आणि सगळ्यात शेवटी : बार रूममध्ये कुणाचा तरी काळा कोट बदलला गेला आहे, खिशात चष्मा आहे, कृपया ओळख पटवून न्यावा.

आता मंडळी, मी पडले एचआरवाली. मला तर हे ऐकून, सॉरी, वाचून एकदम घरच्यासारखंच वाटलं. "अगं, हे तर आमचंच कॅलेंडर आहे! इंडक्शन, ट्रेनिंग, स्पोर्ट्स डे, लॉस्ट अँड फाउंड... म्हणजे तुमची असोसिएशन हे तुमचं एचआर झालं की!"

ती बँडचा चिमटा लावत शांतपणे म्हणाली, "हो. फक्त तुमच्या एचआरकडे महिन्याच्या शेवटी पेस्लिप असते."

ऑब्जेक्शन सस्टेन्ड. मी गप्प.

आपण नोकरदार लोक ना, वकील म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी गाडी, मोठी फी आणणार. रामदासपेठेत राहणाऱ्याला तर वाटतंच, कारण इथे दर दुसऱ्या गेटवर डॉक्टरची पाटी आणि अधूनमधून वकिलाची. पण त्या पाटीच्या मागच्या खोलीत रात्री नऊपर्यंत फायली लावत बसलेली ज्युनियर आपल्याला दिसत नाही. मिलॉर्डला सनद मिळून एक वर्ष आठ महिने झाले. सकाळी सीनियर सरांच्या फायली घेऊन कोर्ट, दुपारी नक्कल काढायला रांग, संध्याकाळी ऑफिसात ड्राफ्टिंग. महिन्याकाठी जे हातात पडतं त्यात तिच्या वाट्याचं भाडंसुद्धा निघत नाही. ते तिचे बाबा यवतमाळहून पाठवतात, आणि दर वेळी फोनवर विचारतात, "आणखी किती दिवस, बेटा?"

सर वाईट आहेत का? अजिबात नाही. शिकवतात, दिवाळीला साडी दिली. त्यांना त्यांच्या सरांनी काही दिलं नव्हतं, तर आपण द्यायचं असतं हे त्यांना सुचतच नाही, एवढंच.

आणि असं नाही बरं का, की याची वर कुणाला कल्पना नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने पत्रक काढलं : ज्युनियरला महिन्याला शहरात किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड द्यावा. सही ना? मी तर उडालेच. "मग दाखव ना सरांना ते पत्रक!" त्यावर मिलॉर्ड म्हणाली, "नीट वाच. 'द्यावा' लिहिलंय. शिफारस आहे ती, हुकूम नाही." कायद्याच्या माणसाला एका शब्दात किती पैसे अडकतात ते बरोबर समजतं.

पोटात खरी गोची पुढे आहे. तिला पुण्याच्या एका कंपनीतून ऑफर आली. लीगल डिपार्टमेंट, एसी, शनिवार-रविवार सुट्टी, आणि पगार असा की बाबांचं भाडं बंद करून उलट त्यांनाच पैसे पाठवता येतील. उत्तर सोमवारी दुपारी बारापर्यंत. माझ्या एचआर मेंदूने तीन सेकंदांत निकाल दिला : घे! नाही जमलं तर परत ये, वकिली काय पळून जाते का?

तर मंडळी, पळून जाते. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, असा बार कौन्सिलचा ४९ वा नियम आहे. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवायचं आणि सनद बाजूला ठेवायची. काळा कोट कपाटात. आणि तिला व्हायचंय जज. त्यासाठी जेएमएफसीची परीक्षा, आणि त्या परीक्षेआधी किमान तीन वर्षं प्रॅक्टिस हवी, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ ला दिलाय. म्हणजे एक वर्ष आठ महिन्यांवर मीटर थांबणार. "निकाल बरोबरच आहे गं," ती म्हणाली. "ज्याने कोर्टात पुकारा ऐकला नाही, त्याने न्याय काय द्यायचा? पण ती तीन वर्षं जेवायचं काय, हे त्या निकालात नाही."

आता सांगा, ही अडचण एकटीची आहे का? नाही. मग संघटना कशासाठी असते? फक्त क्रिकेट आणि हरवलेल्या कोटासाठी?

शनिवारी मी तिला माझ्या ॲक्टिव्हावर सोडायला गेले. सीताबर्डी, व्हरायटी चौक, झिरो माइल करत सिव्हिल लाइन्स. वाटेत हायकोर्टाची ती घुमटाची इमारत दिसली. इतकी वर्षं समोरून जाऊनही मी कधी वर मान करून बघितलं नव्हतं. मागे बसून मिलॉर्डची कॉमेंट्री सुरू. नागपूरला स्वतःचं हायकोर्ट १९३६ पासून होतं, ही इमारत १९४० मध्ये सुरू झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते हायकोर्ट गेलं, पण कोर्ट गेलं नाही. मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ म्हणून इथेच राहिलं. म्हणून आज गडचिरोलीच्या माणसाला एका अपिलासाठी मुंबईची ट्रेन पकडावी लागत नाही.

"आणि कोल्हापूर?" ती म्हणाली. "तिथल्या वकिलांनी चाळीसेक वर्षं मागणी लावून धरली. मोर्चे, उपोषणं, ठराव, पुन्हा ठराव. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. त्याची पहिली नोटीस पण अशीच कुठल्या तरी फळ्यावर लागली असेल ना? लोकांनी तेव्हाही वाचून सोडून दिली असेल."

हेल्मेटच्या आत मी विचार करत राहिले. जे लोक चाळीस वर्षं एका कोर्टासाठी भांडू शकतात, ते एका 'द्यावा'चा 'द्यायलाच हवा' नाही का करू शकणार?

शनिवारचा कार्यक्रम मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकला. (नाश्त्याचा मोह. सांबारवडी होती, आणि नोव्हेंबरातली सांबारवडी सोडणारा नागपूरकर अजून जन्मायचाय.) बोलणारे वकील सत्तरीचे, आवाज अगदी हळू. म्हणाले, "उलटतपासणीत सगळ्यात कठीण काम म्हणजे थांबणं. हवं ते उत्तर मिळालं की खाली बसा. पाचवा प्रश्न विचारला की साक्षीदार चौथं उत्तर दुरुस्त करतो." माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या मीटिंगांना हा माणूस बोलवायला हवा, बॉस!

मग गप्पा नव्या कायद्यांवर गेल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा खुनाचं ३०२ झालं १०३ आणि आपलं लाडकं ४२० झालं ३१८. एक काका हसत म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना चारसोबीस म्हणून राहिलो, आता तीनशे अठरा म्हटलं तर कुणाला शिवीच लागत नाही!" पण त्याच काकांना नवी कलमं मोबाइलवर शोधून देत होत्या मिलॉर्डच्या वयाच्या मुली. ज्येष्ठांना ज्युनियर नको आहेत असं कुणी म्हणेल का?

त्याच ठिकाणी भिंतीकडे बघत एक जण अभिमानाने मला सांगत होते की नागपुरात प्रॅक्टिस केलेले वकील देशाचे सरन्यायाधीशही झाले, जसे २०१९ मध्ये शरद बोबडे आणि २०२५ मध्ये भूषण गवई. ऐकून मलाही भारी वाटलं, आपल्या गावचं कौतुक कुणाला नसतं. पण मनात आलं, पुढचा किंवा पुढची कदाचित आत्ता इथेच बशीत चहा गार करत बसलीय आणि सोमवारी बाराच्या आत पुण्याला 'येस' म्हणणार आहे. तिला थांबवायला इथे कुणाकडे काय आहे?

मी ते बोलून दाखवलं. तशी एक मुलगी म्हणाली, "निवडणुकीच्या वेळी उमेदवार येतात ना, पार्किंग, कँटीन, बसायला जागा, सगळं बोलतात. स्टायपेंडचं विचारलं की म्हणतात, बघू." दुसरी म्हणाली, "मग आपणच उभं राहू ना. सुप्रीम कोर्टाने २ मे २०२४ ला त्यांच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा महिलांना ठेवायला लावल्या. एक जण आत असली की विषय निदान मिनिट्समध्ये तरी येतो." मिनिट्समध्ये येणं म्हणजे काय ते एचआरवालीला विचारा. जे मिनिट्समध्ये नाही, ते घडलेलंच नाही!

निघताना एक वकील मॅडम आमच्याजवळ आल्या. मिलॉर्डची आणि त्यांची फक्त कोर्टाच्या पायऱ्यांवरची ओळख. म्हणाल्या, "बेटा, सोमवारी मी हायकोर्टात अडकले आहे. डिस्ट्रिक्ट कोर्टात माझ्या दोन तारखा आहेत, सांभाळशील का? एकीत नुसती मुदत घ्यायची आहे. दुसरीत साक्षीदार आहे, छोटासाच. उलटतपासणी तूच घे. तुझ्या सरांना मी फोन करते. आणि फुकट नाही हं, दोन हजार देईन."

दोन हजार. पुण्याच्या पगारात एका दिवसाचेही त्याहून जास्त पडतील. पण ॲक्टिव्हावर मागे बसलेली मिलॉर्ड आकाशवाणी चौकापासून व्हरायटीपर्यंत एक शब्द बोलली नाही. एवढी गप्प ती फक्त निकालाच्या दिवशी असते.

रविवारी रात्री तिने लॅपटॉप उघडला. मला वाटलं, झालं, 'येस'चा मेल जाऊन राहिला. खांद्यावरून डोकावले तर मेल मराठीत टाइप करून मग इंग्रजी करत होती, कारण तिला विचार मराठीतच सुचतात. शेवटची ओळ होती : 'सबब, उत्तर देण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळावी, ही विनंती.'

वकीलच ती. एचआरकडे तारीख मागितली!

सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाल्कनीत लाळेरं वाळत होतं आणि पुण्याचं उत्तर आलेलं होतं : पंधरा नाही, सात दिवस. मी तिला आधी ते विचारायला हवं होतं, पण विचारलं दुसरंच. "साक्षीदाराचं काय झालं?"

"चार प्रश्न विचारले," ती म्हणाली.

"आणि पाचवा?"

"तोंडावर आला होता. खाली बसले."

सात दिवसांनी ती काय उत्तर देईल, मला खरंच माहीत नाही. पुण्याला गेली तर मी तिला दोष देणार नाही; यवतमाळच्या बाबांचं वय वाढतंय, आणि भाडं काही अभिमानाने भरता येत नाही. पण तुमच्यापैकी कुणाचे बाबा, काका, मामा वकील असतील, ऑफिसात एखादी ज्युनियर फायली लावत असेल, तर आज जेवताना त्यांना सहज विचारा, तिला महिन्याला काय देता? उत्तर आलं की थांबा. पाचवा प्रश्न विचारू नका.

आमची पुढची तारीख येत्या सोमवारची आहे. निकाल लागला की कळवीनच!