क्रीडांगण कोणी आखायचे?

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या आवारात लोखंडी घसरगुंडी येते, दोन झोपाळे उभे राहतात आणि भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. जूनमध्ये मुले येतात ती या तयार वस्तूंपुढे. दोन पावसाळ्यांत झोपाळ्याची कडी गंजते, घसरगुंडीचा पत्रा उसवतो आणि दुरुस्ती कोणी करायची याविषयी मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांच्यात पत्रव्यवहार सुरू होतो. असे चित्र महाराष्ट्रातील शिक्षकांना अपरिचित नाही. दोष सामान्यतः निधीच्या अपुरेपणाला दिला जातो. तो खरा असला तरी पुरेसा नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगणाचा स्पष्ट उल्लेख आहे. ते किती मोठे असावे याविषयी मात्र तेथे एक अक्षरही नाही. शाळेचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने तयार करावा असे कलम २२ सांगते. कलम २१ नुसार त्या समितीत स्थानिक संस्थेचे निर्वाचित प्रतिनिधी, पालक आणि शिक्षक असतात. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडकही आहे. तरतूद स्तुत्यच. परंतु ज्यांनी त्या मैदानावर खेळायचे, त्यांचा या कलमात मागमूस नाही. मुलांच्या खेळण्याचा आणि त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, हे येथे आठवावे.

मुलांना विचारले तर काय होते, याचे उत्तर डेन्मार्कमध्ये फार पूर्वी मिळाले. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आले की, मुले आखीवरेखीव बागेपेक्षा बांधकामाच्या पडक्या सामानात अधिक रमतात. १९३१ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९४३ मध्ये, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे फळ्या, विटा व हत्यारे मुलांच्या हाती देणारे मैदान सुरू झाले. मुले तेथे झोपड्या बांधीत, मोडीत, पुन्हा बांधीत. देखरेखीला एक प्रौढ असे. हुकूम देणारा नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने शालेय मैदान ही सामाईक मालमत्ता आहे. सर्वांची म्हणून कोणाचीच नाही, असे तिचे होते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी चराऊ कुरणे, पाटबंधारे, मासेमारी अशा सामाईक साधनांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरणाऱ्यांना नियम ठरविण्यात वाटा असतो तेथे अशी साधने टिकण्याची शक्यता वाढते, हे त्यांच्या प्रतिपादनातील एक प्रमुख सूत्र. झोपाळा त्याला अपवाद कशाला असेल?

सातवीच्या वर्गाने फीत घेऊन आवार मोजावे आणि प्रमाणबद्ध नकाशा काढावा. एप्रिलमध्ये दुपारी सावली कोठे पडते, आषाढात पाणी कोठे तुंबते, याची नोंद ठेवावी. पहिलीच्या मुलांना काय हवे ते त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि मुलींना स्वतंत्रपणे विचारावे. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे. क्रिकेटने सारे मैदान व्यापले की मुली कडेच्या पायरीवर बसतात, आणि ‘त्यांना खेळायची आवडच नाही’ असा निष्कर्ष शिक्षक खोलीत काढला जातो! जुन्या टायरांची बैठक करायची तर त्यांना भोके पाडावी लागतात, अन्यथा पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. वाळूचा हौद रात्री झाकला नाही तर भटकी कुत्री तो आपलासा करतात. झोपाळ्याचा खांब किती खोल पुरायचा हे मात्र जाणत्या अभियंत्यानेच ठरवावे. लोकशाहीचा हा प्रांत नव्हे.

येथे एक धोका आहे. श्रमदान या शब्दाला महाराष्ट्रात पुण्याई आहे, आणि तिच्या आडून ठेकेदाराची मजुरी वाचविणे सोपे जाते. मुलांनी खड्डे खणायचे, माती वाहायची, आणि खड्डा कोठे खणायचा ते मात्र आधीच ठरलेले, हा सहभाग नव्हे. मुलांचे हात घेतले आणि डोके बाहेर ठेवले तर देणगीदाराची तयार घसरगुंडीच बरी. तिच्यात निदान फसवणूक नाही.

पैशाचा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना खेळांच्या साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक स्तरावर ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी खरी. पण तिचे अंदाजपत्रक मुलांसमोर मांडता येते, आणि पाच हजारांत काय बसते व काय वगळावे लागते याचा हिशेब सातवीच्या मुलांना उत्तम जमतो. त्यासाठी कलम २१ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. समितीच्या बैठकीला चार मुलामुलींनी आपला नकाशा घेऊन यावे, असे निमंत्रण देण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्या बैठकीत त्यांना उभे ठेवायचे की सतरंजीवर बरोबरीने बसवायचे, एवढे मुख्याध्यापकांनी ठरवायचे आहे.