शिट्टीनंतरचा न्याय आणि त्यातील सवलतींचा घोळ

रग्बी युनियनचा सामना ८० मिनिटांत संपतो. परंतु मैदानावर झालेल्या धोकादायक खेळाचा निवाडा अनेकदा पुढच्या आठवड्यात, वकिलांच्या युक्तिवादानंतर होतो. क्रिकेटप्रेमींना हा प्रकार अपरिचित नाही. २००८ च्या सिडनी कसोटीनंतर हरभजनसिंगवर सामनाधिकाऱ्यांनी घातलेली तीन कसोटींची बंदी न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी अपिलात उठविली आणि प्रकरण दंडावर मिटले, तेव्हा पुरावे आणि कलमांची चर्चा घरोघरी झाली होती. तेथे वाद शब्दांचा होता. रग्बीत मात्र प्रश्न खेळाडूच्या डोक्याचा, पर्यायाने त्याच्या पुढील आयुष्याचा असतो. ऑगस्ट २०२३ मधील ओवेन फॅरेल प्रकरणाचा विचार याच दृष्टीने करायला हवा.

विश्वचषकाला महिनाही उरला नसताना, १२ ऑगस्ट रोजी ट्विकनहॅम येथे इंग्लंड आणि वेल्स यांच्यात सराव सामना झाला. इंग्लंडचा कर्णधार फॅरेल याने वेल्सच्या टेन बॅशमला अडविताना त्याचा खांदा बॅशमच्या डोक्यावर आदळला. पंचांनी प्रथम पिवळे कार्ड दाखविले. मैदानाबाहेर बसून चित्रफीत तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते लाल केले. इंग्लंडने सामना १९-१७ असा जिंकला. पण खरी लढत त्यानंतर सुरू झाली.

एक धडक, दोन निकाल

१५ ऑगस्ट रोजी तीन ऑस्ट्रेलियन सदस्यांच्या स्वतंत्र शिस्तपालन समितीने लाल कार्ड रद्द केले. फॅरेलचा सहकारी जेमी जॉर्ज याच्याशी झालेल्या स्पर्शामुळे बॅशमची दिशा ऐनवेळी बदलली, त्यामुळे फॅरेलला सौम्यतेचा लाभ मिळाला पाहिजे, असे समितीचे मत पडले. या निर्णयाने रग्बीविश्वात खळबळ उडाली. खेळाडूंच्या आरोग्यासाठी झगडणाऱ्या 'प्रोग्रेसिव्ह रग्बी' या गटाने कठोर टीका केली. विशेष म्हणजे, 'वर्ल्ड रग्बी' या जागतिक संघटनेनेच निर्णयाविरुद्ध अपील दाखल केले.

२२ ऑगस्ट रोजी अपील समितीने लाल कार्ड पुन्हा कायम केले. तिचे म्हणणे सरळ होते. फॅरेलने प्रतिस्पर्ध्याला हातांनी कवेत घेण्याचा प्रयत्नच केला नव्हता आणि पहिल्या समितीने या मुद्द्याचा विचारच केला नाही. जी अडवणूक मुळातच नियमबाह्य आहे, तिला सौम्यतेचा लाभ देता येत नाही. फॅरेलवर चार सामन्यांची बंदी आली. त्यांत विश्वचषकातील अर्जेंटिना आणि जपान यांच्याविरुद्धचे सामने होते. इतर दोन सराव सामने होते.

अपिलाने चूक दुरुस्त झाली, हे मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच, तो शिक्षेच्या गणिताचा.

सूट कोणाला, किती?

या व्यवस्थेत लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूची सुनावणी होते. पंचांच्या नजरेतून सुटलेला गंभीर गुन्हा सामन्यानंतर पुढे आणण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेला असतो. धोकादायक अडवणुकीसाठी सौम्य, मध्यम आणि गंभीर अशा तीन पायऱ्या असून त्यांची सुरुवात अनुक्रमे दोन, सहा आणि दहा आठवड्यांपासून होते. डोक्याला धक्का लागला तर किमान मध्यम पायरी, म्हणजे सहा आठवडे. येथपर्यंत सारे कठोर दिसते. त्यानंतर मात्र सवलती सुरू होतात. गुन्ह्याची कबुली, पश्चात्ताप, पूर्वीची स्वच्छ वर्तणूक यांसाठी शिक्षा निम्म्यापर्यंत घटते. शिवाय २०२१ पासून अडवणुकीचे तंत्र सुधारण्याचा वर्ग पूर्ण केल्यास अखेरचा सामनाही माफ होऊ शकतो.

इंग्लंडच्या टॉम करीचे उदाहरण बोलके आहे. ९ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला त्याने केलेल्या अडवणुकीत डोक्यावर डोके आदळले. सहा आठवड्यांचे तीन झाले आणि वर्गामुळे दोन सामन्यांवर भागले. फॅरेलला पूर्ण सूट मिळाली नाही. पण सहाचे चार झालेच. सप्टेंबर २०२० मध्ये धोकादायक अडवणुकीबद्दल त्याच्यावर पाच सामन्यांची बंदी आली होती. जानेवारी २०२३ मध्येही बंदी आली आणि तेव्हा तंत्रसुधारणेच्या वर्गामुळे एक सामना कमी झाला होता. सात महिन्यांत तोच प्रकार पुन्हा घडत असेल, तर वर्गाचा उपयोग खेळाडूला झाला की त्याच्या संघाला, हा प्रश्न विचारावाच लागेल.

सवलतींची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द अल्प असते. वेगाने धावणाऱ्या दोन शरीरांच्या टकरीत प्रत्येक वेळी हेतू शोधणे अन्यायाचे ठरेल आणि कबुलीला काहीच मोल नसेल, तर प्रत्येक प्रकरण कडवटपणे लढविले जाईल. सुनावणीच न होण्यापेक्षा वादग्रस्त सुनावणी बरी, हेही रग्बीने अनुभवले आहे. २५ जून २००५ रोजी ख्राइस्टचर्च येथे न्यूझीलंडच्या ताना उमागा आणि केव्हेन मीलामू यांनी ब्रिटिश-आयरिश लायन्सचा कर्णधार ब्रायन ओ'ड्रिस्कॉल याला उचलून आदळले. त्याचा खांदा निखळला, दौरा संपला. परंतु नियुक्त अधिकाऱ्याला कारवाईस आधार दिसला नाही. तो सल आजही आयरिश रसिकांच्या मनात आहे. त्या तुलनेत २०२३ मध्ये निकालाची कारणे जाहीर झाली, अपील झाले, चूक सुधारली. ही प्रगतीच होय.

तरीही आजची निकड वेगळी आहे. इंग्लंडच्या २००३ च्या विश्वविजेत्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन याला ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश जडल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले. तो विजय आपल्याला आठवतच नाही, असे त्याने सांगितले. त्याच्यासह अनेक माजी खेळाडूंनी संघटनांविरुद्ध न्यायालयाचा मार्ग पत्करला.

दुसरीकडे मैदानावरील शिक्षा सौम्य होत आहे. २०२५ च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत २० मिनिटांचे लाल कार्ड आले. दोषी खेळाडू परतत नाही. पण २० मिनिटांनंतर त्याच्या जागी दुसरा उतरू शकतो. हेतुपुरस्सर धोकादायक खेळासाठीच पूर्ण सामन्याचे लाल कार्ड उरते. एका खेळाडूच्या चुकीने सामनाच एकतर्फी होऊ नये, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. परंतु मैदानावरची जरब घटली, तर जरब बसविण्याची जबाबदारी सामन्यानंतरच्या समितीवर येते. तेथेही सहाचे दोन होत राहिले, तर धोक्याची किंमत संघाला परवडणारी ठरेल.

म्हणून सवलत पहिल्या चुकीला असावी, सवयीला नव्हे. तंत्रसुधारणेचा वर्ग शिक्षेच्या जागी नव्हे, शिक्षेबरोबर असावा; आणि सराव सामन्यांत बंदी भोगल्याचे समाधान संघांना मिळू नये. फॅरेल प्रकरणात अपील समितीने नियमाचा अर्थ राखला. नियमाचा धाक राखण्याचे काम अद्याप बाकी आहे.